उलट्या गाडीतून माणूस पडत का नाही?



शाळेत सहलीची टूम निघाली की हल्ली मुले किल्ल्याच्या आधी करमणुकीच्या बागेचे नाव काढतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, खोपोलीजवळ, २०१३ साली इमॅजिका नावाची अशी मोठी बाग उघडली. तिथल्या 'नायट्रो' या रोलर कोस्टरमध्ये पायाखाली फळीसुद्धा नसते आणि गाडी माणसांना चक्क उलटे करून फिरवते. कुठेही असा एखादा नवा खेळ उघडला की वर्तमानपत्रात त्याचे चित्र येते. माणसे डोके खाली, पाय वर! ते पाहून एखादी आई विचारते, "गुरुजी, पोर पडणार तर नाही ना?"

"नाही हो" एवढ्या उत्तराने तिचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. का पडत नाही हे गुरुजींना सांगता आले पाहिजे. ते कळले म्हणजे मुलाला कुठे बसवावे आणि कुठे बसवू नये, हेही आपोआप कळते.

पहिली गोष्ट अशी, की या जातीच्या बहुतेक गाड्यांना इंजिनच नसते. रहाटगाडग्याची माळ जशी पाणी वर आणते, तशी एक साखळी गाडीला पहिल्या उंच चढावर ओढून नेते. चढताना खट् खट् असा आवाज येतो. पुष्कळांना वाटते, काहीतरी मोडते आहे. वास्तविक तो धीर देणारा आवाज आहे. घाट चढताना बैलगाडी मागे सरू नये म्हणून आपण चाकामागे दगड ठेवतो ना, तसाच इथे रुळाच्या मधोमध करवतीसारख्या दातांचा पट्टा असतो. गाडीखालचा खिट्टा एकेका दातावरून पुढे सरकतो. साखळी तुटलीच, तरी गाडी त्या दातावर अडून राहते.

माथ्यावरून गाडी सुटली की पुढचे सारे काम पृथ्वीचे. दहा मीटर उंचीवरून घसरलेली गाडी तळाशी ताशी सुमारे ५० किलोमीटर वेग घेते, आणि चाळीस मीटरवरून घसरली तर सुमारे १००. उंची चौपट केली की वेग दुप्पट होतो. थोडासा वेग घर्षणात आणि वाऱ्यात जातो, म्हणून साधारणपणे पुढचा प्रत्येक उंचवटा पहिल्या चढापेक्षा ठेंगणा ठेवावा लागतो. फळ्यावर मांडण्याजोगे हे गणित आहे.

आता उलटे होण्याकडे वळू. पाण्याने अर्धी भरलेली बादली हातात धरून जोरात गरगर फिरवा. ती डोक्यावर आली तरी पाणी सांडत नाही. वरच्या टोकाला पाणी खाली यायला निघालेले असतेच. पण बादलीचा तळ त्याहून जलद खाली वळत असतो, म्हणून पाणी तळालाच चिकटून राहते. हात मंद करा, की आंघोळ झालीच म्हणून समजा! उलट्या फेऱ्यात बादलीच्या जागी आसन आणि पाण्याच्या जागी माणूस असतो. फेरा पुरेशा वेगाने घेतला, तर आसनच माणसाला दाबून धरते. मग छातीवरचा दांडा कशासाठी? गाडी मंद झाली, मध्येच थांबली किंवा उंचवट्यावरून जाताना अंग आसनावरून उचलले गेले, तर तेव्हा सारी भिस्त त्या दांड्यावर असते.

हे शहाणपण एका दिवसात आलेले नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे १८८४ साली लामार्कस थॉम्पसन याने गंमत म्हणून बसायची घसरगाडी सुरू केली. वेग ताशी सहा मैल, तिकीट पाच सेंट. आपली सायकल याहून जलद जाते! पण लोकांची झुंबड उडाली. वेगाची हाव वाढली आणि १८९५ साली तिथेच उलटा फेरा घेणारी गाडी आली. फेरा अगदी गोल, कंपासाने काढल्यासारखा. तिथेच घोटाळा झाला. सरळ रुळावरून गाडी एकदम वर्तुळात शिरे आणि बसणाऱ्याच्या मानेला जोराचा हिसका बसे. गोल फेऱ्याचे गणितच तसे आहे. माथा जेमतेम पार करण्याइतका वेग घेतला, तरी तळाशी अंगावर वजनाच्या सहापट भार येतो. पन्नास किलोच्या माणसाला क्षणभर आपण तीनशे किलोचे झालो असे वाटते.

१९०१ साली त्याच गावात लंबगोल फेरा बांधला. तो बराच सुसह्य होता. परंतु गाडीत चारच माणसे बसत, त्यामुळे धंदा किफायतशीर होईना आणि हा प्रकार मागे पडला. पुढे १९५९ साली कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये पोलादी नळ्यांचे रूळ आले. नळी हवी तशी वाकवता येते. त्याचा फायदा घेऊन १९७६ साली कॅलिफोर्नियातच 'मॅजिक माउंटन' या बागेत जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याच्या आराखड्याचा उलटा फेरा उभा राहिला. त्याचा आकार पाण्याच्या थेंबासारखा आहे, तळाशी पसरट आणि माथ्याशी आवळलेला. त्यामुळे वळण हळूहळू घट्ट होत जाते आणि मानेला हिसका बसत नाही. आगगाडीचे रूळ सरळ मार्गावरून वळणावर नेतानाही हीच युक्ती वापरतात.

चाकांचेही असेच झाले. नुसती रुळावर ठेवलेली चाके उंचवट्यावर उडू शकतात. १९१९ साली जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने रुळाच्या खालच्या बाजूने धावणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले. आज अशा गाडीला एक चाक रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक खाली असते. मुठीत काठी धरावी, तसा रूळ धरलेला असतो.

ब्रेकचे तत्त्वही मुलांना सांगण्यासारखे आहे. रुळाचे तुकडे पाडलेले असतात, आणि पुढची गाडी एका तुकड्यातून बाहेर पडल्याखेरीज मागची आत सोडत नाहीत. पुष्कळ ठिकाणी ब्रेक मुळातच आवळलेले असतात आणि ते सैल करायला दाबलेली हवा लागते. वीज गेली, हवा गेली, तर ब्रेक आपोआप आवळून बसतात. चूक होणार, हे गृहीत धरूनच ती व्यवस्था केलेली असते.

आता गुरुजींनी करायच्या गोष्टी. खेळाच्या दारात उंचीची पट्टी लावलेली असते. ती वयासाठी नव्हे. दांडा अंगावर नीट बसावा, मूल त्याखालून निसटू नये, म्हणून ती असते. "दोन बोटे कमी आहे, जाऊ द्या हो," अशी गळ कुणी घालू नये. दांडा बसला की तो हाताने ओढून पाहावा. ओढण्या, मोकळे केस, चपला, खिशातला फोन, सारे आवरून ठेवावे. पाठीचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी असल्या गाडीत बसू नये.

आणि हो, जत्रेतला आकाशपाळणा. तो संथ फिरतो, म्हणून त्यात धोका कमी, असे आपण धरून चालतो. पण बादलीचा नियम आठवा. संथ पाळण्यात आसन माणसाला दाबून धरत नाही. तिथे माणूस राहतो तो केवळ बैठकीच्या आणि आडव्या दांड्याच्या भरवशावर. शिवाय तो पाळणा आज या गावी, तर आठ दिवसांनी पुढच्या गावी, दर वेळी नव्याने जोडलेला. म्हणून बसण्याआधी दोन मिनिटे उभे राहून पाहावे. पाय भक्कम, सपाट जमिनीवर आहेत का? जोडाच्या खिळी जागेवर आहेत का? दांडा दोरीने तर बांधलेला नाही ना? लहान मूल एकटे बसवलेले नाही ना? शंका आली तर बसू नये, आणि जत्रेच्या पंचांच्या कानावर घालावे. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

सहलीत एखादे पोर "मला नको" म्हणेल. इतरांनी त्याला भित्रा म्हणून चिडवले, तर गुरुजींनी त्याच्या बाजूने उभे राहावे. त्याला खाली आपल्याजवळ बसवून घ्यावे आणि गाडी चढताना खट् खट् किती वेळा होते, ते मोजायला सांगावे. परतीच्या वाटेवर, तो आवाज कशाचा होता, हे बाकीच्यांना समजावून सांगण्याचे काम त्याच्याकडेच द्यावे.