कमळ बोलते, शिक्का फसवतो

चिनी कांस्य धूपपात्राच्या बुडाशी सहा अक्षरांचा शिक्का दिसला, की घेणाऱ्याचे डोळे चमकतात. ‘महान मिंग घराण्याच्या शुआन्दे राजवटीत घडविलेले’ असा त्याचा अर्थ. ही राजवट १४२६ ते १४३५ या काळातली. मात्र हा शिक्का मिरवणारी बहुतेक पात्रे नंतरच्या शतकांत, कधी जुन्याच्या आदरापोटी तर कधी किमतीसाठी घडविली गेली. म्हणून जाणकार शिक्क्यावर न विसंबता वजन, ओतकाम आणि कमळाच्या पाकळ्यांची रेखीवता पारखतात. शुद्धतेचे प्रतीक असलेले हे कमळ चिनी कलेत रुजले ते भारतातून गेलेल्या बौद्ध धर्मामुळे. असे पात्र हाती आल्यास देवघरातल्या तांब्या-पितळेसारखे चिंचेने घासू नये. काळाने चढविलेली छटा पुसली, की मोलही उतरते.