सायकसवरची निळी

चाकण एमआयडीसीत कंपनीच्या गेटापाशी किंवा मोशी-प्राधिकरणातल्या सोसायट्यांत लॉनच्या कडेला सायकस लावलेला असतोच. त्याच्या मधोमध कोवळ्या पानांचा तुरा फुटला, की रुपयाच्या नाण्याहून जेमतेम मोठं निळं फुलपाखरू भोवती घिरट्या घालू लागतं. ‘जंगलातून वाट चुकून आलंय,’ असं लोक म्हणतात. चुकलेलं मुळीच नाही. हे प्लेन्स क्युपिड. थॉमस हॉर्सफील्ड यांनी १८२९ मध्ये त्याच्या शास्त्रीय नावात चक्क ‘पांडवा’ घातलं. याच तुऱ्यावर मादी अंडी घालते आणि त्यावरच अळ्या पोसल्या जातात.

मुलं हमखास विचारतात, ‘हे ब्लू मॉर्मनचं पिल्लू का?’ २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू असलेलं ब्लू मॉर्मन तळहाताएवढं असतं, म्हणून शंका येते. पण कोषातून निघालेलं फुलपाखरू वाढत नाही. वाढायचं काम अळीनं आधीच उरकलेलं असतं.

ओळखताना निळ्या रंगावर विसंबू नका. बसल्यावर ते पंख मिटतं आणि निळाई गडप होते. उरतो राखी-तपकिरी रंग आणि पांढऱ्या कडांच्या पट्ट्या. मागच्या पंखाच्या टोकाला केसासारखी शेपटी आणि तिच्यालगत नारिंगी कड असलेला काळा डोळा पाहा. ते मागचे पंख एकमेकांवर घासतं तेव्हा शेपट्या मिशांसारख्या हलतात. सरडा तिकडेच झडप घालतो, डोकं वाचतं. आंबुशीजवळ गवतातून बुटकं उडणारं निळं फुलपाखरू म्हणजे पेल ग्रास ब्लू. त्याला शेपटी नसते.

‘मुंग्यांनी अळ्या आणल्या’ हा माळीकाकांचा पक्का समज. घडतं उलट. अळीच्या पाठीवर मागच्या बाजूला एक ग्रंथी असते. मुंगी मिशांनी हळूच थोपटते, की तिथून गोड थेंब येतो. भिंगातून हे पाहताना मी तासभर जागचा हललो नव्हतो. त्या थेंबाच्या बदल्यात मुंग्या परजीवी गांधीलमाश्यांना अळीपासून लांब ठेवतात.

सायकसला ‘सागो पाम’ म्हणतात, पण तो ना ताड ना माड, आणि आपला साबुदाणाही त्याचा नव्हे. तो टॅपिओकाच्या कंदाचा. सायकसच्या बिया विषारी असतात, लहान मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा.

पानं कुरतडलेली दिसली, की फवारणी सुरू होते. तोवर बऱ्याच अळ्या बुंध्यातल्या खाचांत कोषात गेलेल्या असतात. निबर पानं त्या खात नाहीत, मोठं झाड पुढच्या तुऱ्यात सावरतं. लहान रोपाचे तुरे लागोपाठ खाल्ले गेले तर मात्र ते खंगतं. अशा रोपाला कोंब दिसताच मच्छरदाणीचं कापड बांधा आणि पानं निबर झाली की सोडा. दोन सायकस असतील, तर एक उघडाच राहू द्या.