शोमरोनी बाई आणि केडगावचं कृपासदन

पंडिता रमाबाईंच्या हाती पहिलं बायबल आलं ते कलकत्त्यात, आणि तेही संस्कृतमधलं. पुराणं मुखोद्गत असलेल्या बाईंना ती भाषा परकी वाटली. हे वाचणं म्हणजे वेळ दवडणं, असं तेव्हा वाटल्याचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुस्तक मात्र टाकून दिलं नाही. लग्नानंतर सिल्चरला घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली, ती त्यांनी आवडीने वाचली. पतीला ही ओढ पसंत नव्हती. १८८२ मध्ये ते कॉलऱ्याने गेले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या.

आमच्या मंडळीत रविवारी शास्त्रपाठ झाला की पाळक लगेच म्हणतात, “आता हे वचन आपल्या जीवनाला लागू करू या.” उपासना सुटायच्या आत ते लागूही होऊन जातं! रमाबाईंच्या वाचनाचा माग काढताना ही घाई डोळ्यांवर येते.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळ फुलहॅमला वाँटेजच्या मठातल्या सिस्टर, समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांना सांभाळत होत्या. आपल्याकडे अशा बाईला माहेर, सासर आणि जात, तिन्ही दारं बंद. ही माया यांच्यात आली कुठून, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरने योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: भर दुपारी विहिरीवर आलेली शोमरोनी बाई आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा येशू. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण पुरोहितांच्या एका सत्तेखालून सुटून दुसरीपुढे मान तुकवायला त्या तयार नव्हत्या. शास्त्रात मला दिसत नाही ते मी मानणार नाही, या मुद्द्यावर वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून चाललेला वाद आजही वाचण्याजोगा आहे. एवढं होऊनही, धर्म सापडला पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांना कळलं ते १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी.

मधल्या काळात १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला हललं. विधवा मुलींना तिथे आपापला धर्म पाळायची मोकळीक होती. रमाबाई प्रार्थना करत तेव्हा त्यांच्या खोलीचं दार उघडं असे. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या आणि १८९३ मध्ये गहजब झाला. रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखे सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दार लावून घेतलं असतं तर बहुधा निभावलं असतं. त्यांनी ते लावलं नाही. भोळेपणा म्हणून नव्हे, किंमत ठाऊक असूनच, असं मला वाटतं.

दुष्काळ त्यांनी लहानपणीच पाहिला होता. १८७० च्या दशकात आई, वडील आणि बहीण त्यातच गेली. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला जमीन घेतलेली होती. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. आणि याच आवारात, फुलहॅमनंतर दीड दशकाने, ‘कृपासदन’: शोमरोनी बाईसारख्यांसाठी वेगळं घर.

शेवटचं काम सर्वांत लांबलं. खेड्यातल्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. या कामाला वर्षानुवर्षं लागली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. बायबल छापून झालं १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात. मंडळ्यांनी ते फारसं उचललं नाही, तिथे बायबल सोसायटीचंच भाषांतर रुळलं. मुळाला चिकटून राहण्याच्या हट्टापायी रमाबाईंचं भाषांतर जागोजागी अडखळतं, हेही खरं. मात्र त्याचे खिळे जुळवणं आणि छपाई ही कामं मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. छापण्याआधी ओळन् ओळ वाचली ती त्यांनी.