एका उन्हाची तीन कामे

सौर औष्णिक संग्राहक आरशांनी ऊन एकवटून तेल किंवा पाणी तापवतो. त्यातून मिळालेल्या वाफेवर टर्बाइन फिरते. वीज करूनही निम्म्याहून अधिक उष्णता उरतेच. होटगीजवळ फताटेवाडीच्या १,३२० मेगावॅट कोळसा वीजकेंद्रात अशी उष्णता घालवण्यासाठी उजनीचे पाणी खर्ची पडते. दुष्काळी सोलापुरात ही गोष्ट जिव्हारी लागते. सौर केंद्रात टर्बाइनमधून वाफ सुमारे ७० अंश सेल्सिअसवर बाहेर घेतली, तर वीज थोडी घटते. मात्र तीच वाफ खारे पाणी गोडे करते. हवेचा दाब कमी केलेल्या भांड्यांत पाणी याहून कमी तापमानालाही उकळते, आणि एका भांड्याची वाफ पुढचे भांडे तापवते. तिसरे काम नुसत्या उष्णतेचे; तिचा वापर महाराष्ट्रात झालेला आहे: लातूरच्या दुग्धशाळेत १६० चौरस मीटरच्या ‘अरुण’ या आरशांच्या तबकडीवर दुधाचे पाश्चरीकरण, शिर्डीत ७३ तबकड्यांच्या वाफेवर प्रसादाचा स्वयंपाक.