आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

सकाळच्या वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते, 'अमुक प्रकरणी पाच जणांवर आरोपपत्र दाखल'. दुपारपर्यंत ती बिल्डिंगच्या जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी आणि नातेवाइकांच्या फोनवर पोहोचलेली असते. संध्याकाळी त्या पाचांपैकी एकाच्या बहिणीला पाहायला येणारी मंडळी 'सध्या थांबू या' असा निरोप धाडतात. खटला अजून उभाही राहिलेला नसतो, पण शेजारीपाजारी निकाल देऊन मोकळे झालेले असतात.

एका शब्दाचा अर्थ नीट ठाऊक नसला, की एवढा अनर्थ होतो. तो शब्द म्हणजे 'आरोप'.

बोलण्यातला आणि कायद्यातला

मूळ संस्कृतात आरोप म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्यावर ठेवणे, चढवणे. वृक्षारोपणातले 'आरोपण' हे त्याचेच भावंड. रोजच्या व्यवहारात आपण आळ घेतो, ठपका ठेवतो, नाव घेतो. जावेने जावेवर केला तोही आरोप आणि विरोधी पक्षाने सरकारवर केला तोही आरोपच. त्याला ना कागद लागतो, ना पुरावा.

कायद्यातला आरोप इतका स्वस्त नसतो. तो लेखी असावा लागतो. गुन्हा कोणता, कलम कोणते, तो कधी, कुठे आणि कोणाविरुद्ध घडला, हे त्यात स्पष्ट लिहावे लागते. कायद्याच्या मराठीत त्याला 'दोषारोप' असे म्हणतात.

निकालाआधीच्या तीन पायऱ्या

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलमांचे क्रमांक बदलले, पण पायऱ्या बहुतांशी त्याच राहिल्या.

पहिली पायरी फिर्यादीची. पोलीस ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली, की कलम १७३ नुसार ती नोंदवली जाते. हाच एफआयआर. त्यावरून तपास सुरू होतो, एवढेच.

दुसरी पायरी आरोपपत्राची. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयाला अहवाल देतात. आपण त्याला चार्जशीट म्हणत असलो, तरी कलम १९३ मध्ये त्याला 'पोलीस अहवाल'च म्हटले आहे. म्हणजे हे पोलिसांचे मत झाले, न्यायाधीशांचे नव्हे. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या गंभीरतेनुसार ६० किंवा ९० दिवसांत तो अहवाल यावाच लागतो. न आल्यास आणि आरोपी जामीन देण्यास तयार असल्यास त्याला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो.

तिसरी पायरी आरोपनिश्चितीची. न्यायाधीश कागदपत्रे पाहतात, दोन्ही बाजू ऐकतात. खटला चालवण्याइतका आधार नसेल तर आरोपीला इथेच आरोपमुक्त करतात. आधार दिसला तर दोषारोप ठेवून ते आरोपीला वाचून दाखवतात, समजावून सांगतात आणि 'गुन्हा कबूल आहे का?' असे विचारतात. साक्षीपुरावे त्यानंतर सुरू होतात आणि निकाल सर्वात शेवटी. पुरावा अपुरा ठरला तर होते ती निर्दोष मुक्तता. आरोपमुक्ती वेगळी आणि निर्दोष मुक्तता वेगळी, हेही लक्षात ठेवायला हवे.

टिळकांवरचे तीन आरोप

आरोप नेमका का असावा लागतो, हे एका जुन्या खटल्यावरून कळते. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर 'केसरी'तील लेखांवरून तीन आरोप ठेवले होते. दोन राजद्रोहाचे आणि एक समाजात वैरभाव पसरवल्याचा. लेख कोणते ते ठरलेले होते, म्हणूनच त्यांतल्या मराठी शब्दांचे इंग्रजी भाषांतर चुकीचे आहे, असे टिळकांना भर न्यायालयात मांडता आले. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. निकाल विरोधात गेला, पण आपण कशाला उत्तर देत आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते. आरोपीचा हा हक्क आजही तितकाच मोलाचा आहे.

घरच्यांनी काय करावे?

घरातल्या कोणावर असा प्रसंग आला तर आधी आपण कोणत्या पायरीवर आहोत ते वकिलाकडून समजून घ्यावे. पोलीस अहवालाची आणि सोबतच्या कागदपत्रांची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी आणि शांतपणे वाचावी.

नोकरीचा अर्ज भरताना तर विशेष जपावे. 'अटक झाली होती का?', 'खटला चालू आहे का?' आणि 'शिक्षा झाली आहे का?' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. लाजेपोटी तिन्हींपुढे 'नाही' लिहिणारे पुढे अडचणीत येतात. उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केले. माहिती दडवली तर नोकरी जाऊ शकते. मात्र निर्णय घेताना प्रकरणाचे स्वरूप पाहावे, असेही न्यायालयाने सांगितले.

आणि शेजाऱ्यांनी काय करावे? थोडी कळ काढावी. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. न्यायालयाची चूक वरच्या न्यायालयात सुधारता तरी येते. जिन्यात उभे राहून दिलेल्या निकालावर अपील कुठे करायचे?