यादी लागेपर्यंतचा महिना

विद्यापीठाच्या प्रवेशयादीत मुलीचं नाव आलं की गावात पेढे वाटले जातात. वसतिगृहाची यादी लागायला त्यानंतर तीन-चार आठवडे जातात आणि तोवर विभागात तास सुरू झालेले असतात. मी विद्यापीठात शिकवते आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणूनही काम पाहते. या मधल्या आठवड्यांत मुली राहतात कुठे, हे मी जवळून पाहत आले आहे. एम.ए., एम.एस्सी.ला आलेल्या कित्येक मुलींचं शिक्षण गुणांवर किंवा फीवर अडत नाही, ते या आठवड्यांत अडतं.

"मॅडम, हॉस्टेलची लिस्ट कधी लागणार?" हा फोन जुलैत सुरू होतो. बोलतात बहुतेक वडील. मागे पावसाचा नाहीतर मोटारसायकलचा आवाज असतो आणि शेजारून मुलगी हळू आवाजात प्रश्न पुरवत असते. मेस कंपल्सरी आहे का, गेट किती वाजता बंद होतं, पाणी चोवीस तास असतं का. शेवटी वडील स्वतःचा प्रश्न विचारतात, "लागंल ना नंबर?" त्याचं उत्तर त्या दिवशी माझ्याकडेही नसतं.

उशीर होण्याचं कारण कुणाच्या आळसात नाही, कामाच्या क्रमात आहे. विभागांच्या प्रवेशाची पहिली यादी लागते, दुसरी लागते, मग रिकाम्या जागांसाठी आणखी एक फेरी होते. हे संपल्याशिवाय बाहेरगावच्या किती मुली आल्या ते कळत नाही आणि ते कळल्याशिवाय खोल्या वाटायच्या कशा? दुसरीकडे जुन्या खोल्या रिकाम्या झालेल्या नसतात. शेवटच्या वर्षाचा निकाल लांबला की मुली ट्रंक, गादी, पुस्तकं खोलीत कुलूपबंद करून गावी जातात. त्यांनी येऊन ना-देय प्रमाणपत्र घेतलं, किल्ली परत केली, की मग ढेकणांची फवारणी, गळक्या नळांची दुरुस्ती, मोडक्या खाटांची मोजदाद. वसतिगृहाच्या मावशी या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोल्या धूत असतात. नवी मुलगी जेव्हा खोलीचं दार उघडते, तेव्हा त्यामागे किती माणसांचे हात लागलेले असतात हे तिला दिसत नाही.

जागा विभागवार वाटल्या जातात. साठ जणांच्या वर्गाला मुलींसाठी दहा-बारा जागा वाट्याला आल्या तर विभाग नशीबवान. त्या जागांत आरक्षण, त्यानंतर गुणवत्ता, त्यानंतर अपंगत्वासारखे विशेष निकष. शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांना प्रवेश नाही, हा नियम योग्यच आहे. पण अंतराचा नियम नकाशावर चालतो आणि मुलगी एसटीने येते. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या गावातून सकाळी एकच गाडी सुटत असेल आणि ती साडेदहाला शहरात पोहोचत असेल, तर आठच्या प्रॅक्टिकलला ती मुलगी कधीच हजर राहू शकणार नाही. अशा अर्जांवर मी गाडीची वेळ लिहून घेते आणि समितीपुढे ठेवते. दर वेळी ऐकलं जातंच असं नाही.

कागदांचं ओझं वेगळं. विभागाच्या फीची पावती, गुणपत्रिका, जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि 2009 च्या यूजीसी नियमांप्रमाणे विद्यार्थी व पालक दोघांची रॅगिंगविरोधी हमी. यातला उत्पन्नाचा दाखला सर्वांत जास्त मुलींना मागे खेचतो, कारण तो गावाकडून आणावा लागतो आणि तोवर मुलगी शहरात येऊन पोहोचलेली असते. पुढच्या वर्षी ज्या घरात कुणी विद्यापीठात जाणार आहे त्यांनी हा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा, एवढं कळकळीने सांगते.

अर्जातला मला सर्वांत खुपणारा रकाना 'स्थानिक पालक' हा आहे. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी शहरात आलंय, त्या घराचा शहरात पालक असणार कुठून? मुली मग कुणाचंही नाव लिहितात. गावातल्या कुणाच्या मेहुण्याचं, आदल्या वर्षी पास झालेल्या मुलीचं, एकदाच भेटलेल्या दुकानदाराचं. रात्री मुलगी आजारी पडली आणि त्या नंबरवर फोन लावला तर पलीकडच्या माणसाला तिचं आडनावही ठाऊक नसतं. त्या रकान्याच्या जागी विभागातल्या एका शिक्षकाचं नाव असावं, असं मी लेखी मागितलं आहे. वडिलांच्या सहीच्या जागेचंही तसंच. वडील नसलेल्या, आईने एकटीने वाढवलेल्या मुली दर वर्षी असतात. त्यांना त्या ओळीपाशी थांबून "मॅडम, इथं आईची सही चालेल ना?" असं विचारावं लागू नये.

यादी लागेपर्यंत या मुली कुणाच्या तरी लांबच्या नात्यात राहतात, नाहीतर 'कॉट बेसिस'वर. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर विजेच्या खांबांवर या जाहिराती चिकटवलेल्या असतात. एका खोलीत चार-पाच खाटा, एका खाटेचं महिन्याचं भाडं, शिवाय दोन महिन्यांचं डिपॉझिट. घरून वर्षासाठी बांधून दिलेले पैसे इथे पहिल्या महिन्यातच संपतात. ज्यांना हेही जमत नाही त्या गावाहून ये-जा करतात आणि हजेरीत मागे पडतात. काही गावीच थांबतात, 'यादी लागली की येते' म्हणतात, आणि मग येत नाहीत. विभागातल्या हजेरीपटावर त्यांची नावं डिसेंबरपर्यंत असतात. त्या गेल्या कुठे, हे कुणी नोंदवत नाही.

इथे सरकारच्या चांगल्या निर्णयांचाही उल्लेख करायला हवा. 2024-25 पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजार रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत 51 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी तशीच स्वयम् योजना आहे. या योजनांनी मुली शिकताहेत, मी रोज पाहते. पण ही रक्कम वर्षाच्या ओघात बँकेत येते आणि खोलीचं डिपॉझिट पहिल्या दिवशी मागितलं जातं. फी माफ झालेल्या मुलीला झोपायला जागा नसेल तर ती माफी तिच्यापर्यंत पोहोचलीच नाही, असं मी मानते.

महाराष्ट्राला ही गोष्ट नव्याने सांगावी लागू नये. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पुढे एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहत गेली, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. खेड्यातल्या मुलाला शहरात डोक्यावर छप्पर मिळालं नाही तर शाळा-कॉलेजं त्याच्या उपयोगाची नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आमच्याकडे आधी वर्ग भरतात, मग खोली मिळते. शाहू महाराजांनी आणि कर्मवीरांनी आधी राहण्याची सोय पाहिली.

ती एक पंगत आजही आपोआप होत नाही. खोली मिळाल्यावर पहिल्या संध्याकाळी मुली एकमेकींना विचारतात, "नाव काय तुझं?" आणि उत्तर आलं की लगेच, "पूर्ण नाव?" आडनाव कळलं की काहींचे चेहरे सैल होतात, काहींचे आक्रसतात. दोन दिवसांत मेसमधली टेबलं ठरून जातात. म्हणून मी खोल्या देताना जिल्हे आणि विभाग मुद्दाम मिसळते. नांदेडची गणितवाली, चंद्रपूरची मराठीवाली आणि सिंधुदुर्गची वनस्पतिशास्त्राची, अशा तिघी एका खोलीत. पहिल्या आठवड्यात खोली बदलून मागणारे अर्ज येतात. हिला पहाटे चारला उठायचं असतं, तिला रात्री दोनपर्यंत दिवा हवा असतो. एकीच्या डब्यात सुकट असते आणि दुसरीला वास सहन होत नाही. ते अर्ज मी पंधरा दिवस ठेवून घेते. बहुतेक अर्ज मुली स्वतःच येऊन परत नेतात, कारण तोवर टेबललॅम्प आलेला असतो, सुकट गॅलरीत खायची असं ठरलेलं असतं, आणि एकीला ताप आला तेव्हा दुसरी रात्रभर जागलेली असते. जिथे खरोखर जातीवरून बोललं जातं तिथे मात्र मी एक दिवसही थांबत नाही. बोलणाऱ्या मुलीला समोर बसवते आणि घरच्यांना बोलावून घेते.

मेसबद्दल एकच सांगते. गावी जाताना खाडा आधी लिहून द्या, नाहीतर न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापले जातात. नव्या मुलींना हे पहिल्या बिलाच्या वेळी कळतं.

आता ज्या गोष्टीवर सगळी प्रशासनं कडक होतात ती. जागा न मिळताही वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना आमच्या भागात 'पॅरासाइट' म्हणतात. मी हा शब्द वापरत नाही आणि माझ्या वसतिगृहात वापरू देत नाही. यादीत नाव नसलेली मुलगी मैत्रिणीच्या खोलीत दोन खाटांच्या मधे सतरंजी टाकून झोपते. रात्रीच्या फेरीला दाराबाहेरच्या चपला मोजल्या की कळतं. नियम सांगतो, दंड करा आणि बाहेर काढा. सुरक्षेची बाजू मला मान्य आहे. आग लागली, काही झालं तर आत कोण होतं हे रेक्टरला ठाऊक असलंच पाहिजे. म्हणून मी तिचं नाव, विभाग, घरचा फोन नोंदवहीत लिहून घेते आणि तात्पुरत्या परवानगीसाठी अर्ज करायला लावते. ऑगस्टमध्ये अशा सापडलेल्या मुलींत बाहेरची जवळजवळ कुणी नसते. सगळ्या आमच्याच विद्यापीठाच्या, प्रतीक्षायादीतल्या. ती यादी हलते. कुणाला बी.एड.ला जागा मिळते, कुणाचं लग्न ठरतं, कुणी फी भरत नाही. गणपतीनंतर काही नावं वर सरकतात, दिवाळीनंतर आणखी काही. सतरंजीवर तग धरून राहिलेलीला तेव्हा खाट मिळते. म्हणून प्रतीक्षायादीतल्या मुलींनी पोर्टल रोज पाहावं. नाव लागल्यावर पैसे भरायला दोन-तीन दिवसच असतात आणि मुदत हुकली की जागा पुढच्या मुलीला जाते.

सगळ्यात जड जातं ते जुन्या मुलीला खोली सोडायला सांगणं. एम.ए. पूर्ण झालेलं असतं, एमपीएससीची पूर्वपरीक्षा निघालेली असते, मुख्य परीक्षा पुढे असते. ती म्हणते, "मॅडम, आता घरी गेले की परत पाठवणार नाहीत." ते खरं असतं. गावी स्थळं बघून ठेवलेली असतात. आणि बाहेर बाकावर नवी मुलगी वडिलांसोबत गादीची वळकटी घेऊन बसलेली असते. मी नव्या मुलीच्या बाजूने निर्णय घेते, कारण जागा विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिचं पहिलंच वर्ष आहे. हा निर्णय बरोबर आहे असं मला आजही वाटतं. पण जाणाऱ्या मुलीसाठी शहरात कमी भाड्याचं महिला वसतिगृह, अभ्यासिका शोधून देणं हेही मी माझ्या कामातच धरते. पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती 1955 पासून गरजू विद्यार्थ्यांना राहायला जागा देते आहे; अशा संस्था प्रत्येक जिल्ह्याच्या गावात हव्यात.

नव्या इमारती बांधायला वर्षं लागतील, पैसा लागेल. पण तीन गोष्टी याच वर्षी करता येतील. विभागाच्या प्रवेश अर्जातच वसतिगृहाचा अर्ज असावा आणि दोन्ही याद्या एकाच दिवशी लागाव्यात. काही जागा पुढच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवल्या की हे जमतं. प्रत्येक विद्यापीठाने जुलै-ऑगस्टसाठी एक सभागृह किंवा जिमखान्याची इमारत नाममात्र भाड्यात मुक्कामासाठी खुली करावी. आणि अनामत रक्कम शिष्यवृत्ती आल्यावर वळती करून घ्यावी, आधी मागू नये. कुलसचिवांनी, व्यवस्थापन परिषदांच्या सदस्यांनी हे मनावर घ्यावं.

शहरात राहणाऱ्या वाचकांनाही एक विनंती आहे. येत्या पावसाळ्यात दूरच्या नात्यातून, गावाकडून कुणाचा फोन आला, "आमच्या मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळालाय, हॉस्टेल लागेपर्यंत महिनाभर तुमच्याकडे राहिली तर चालेल का?", तर हो म्हणा.