ध्रुवसमुद्रांतील समुद्रपुष्पें

कोंकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं फिरतांना खडकांमधील डबक्यांत एखादें लहानसें फूल उमललेलें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याच्या पाकळ्यांस बोट लावावें तों त्या चटकन् आंत ओढल्या जातात आणि फुलाच्या जागीं मऊ मांसाचा एक गोळा तेवढा उरतो. हें फूल नव्हे, प्राणी आहे. यासच समुद्रपुष्प म्हणतात. पाकळ्या म्हणून ज्या दिसतात ते त्याचे संस्पर्शक होत. त्यांत असंख्य सूक्ष्म दंशपेशी असतात व प्रत्येक पेशींत गुंडाळलेल्या धाग्याची एक कुपी असते. लहानसा मासा किंवा झिंगा यांचा स्पर्श होतांच हा धागा बाणासारखा सुटतो, भक्ष्य बधिर होतें आणि मधल्या मुखांत ओढलें जातें. प्रवाळ व जेलीफिश हे या प्राण्याचे भाऊबंद होत.

समुद्रपुष्पांच्या हजाराहून अधिक जाति आजवर नोंदल्या गेल्या आहेत. तीं केवळ आपल्यासारख्या उष्ण देशांतच असतात अशी मात्र कोणाची समजूत नसावी. ध्रुवांजवळील समुद्राचें पाणी क्षारांमुळें शून्य अंशाखालीं जाऊनहि गोठत नाहीं. त्या पाण्यांतहि समुद्रपुष्पें सुखानें नांदतात. दक्षिणेकडील कांहीं मोठ्या जाति तारामासे व जेलीफिशसुद्धां गिळून टाकतात, तर कांहीं जाति अंडीं पाण्यांत सोडून न देतां पिलें आपल्याच देहांत वाढवितात. इतक्या दूरच्या व इतक्या विविध प्राण्यांस ओळखावयाचें कसें व त्यांस नांवें द्यावयाचीं कशीं, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्राण्यांस दोन शब्दांचें नांव देण्याची पद्धति स्वीडनच्या लिनीयस या पंडितानें १७५८ सालीं रूढ केली. पहिला शब्द प्रजातीचा. तो आडनांवासारखा समजावा. दुसरा त्या विशिष्ट जातीचा. पुढें दहा वर्षांनीं, १७६८ सालीं, ओटो फाब्रिसियस नांवाचा एक डॅनिश मिशनरी ग्रीनलंडांत जाऊन राहिला. तेथील लोकांची भाषा तो शिकला, त्यांच्या चामड्याच्या होडींतून सीलच्या शिकारीस गेला, आणि पांच वर्षांत जे जे प्राणी दृष्टीस पडले त्यांचीं टिपणें त्यानें ठेविलीं. स्वदेशीं परतल्यावर १७८० सालीं त्यानें ग्रीनलंडच्या प्राण्यांवर लॅटिन भाषेंत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत अंगावर गांठी असलेल्या एका समुद्रपुष्पास त्यानें ‘नोडोझा’, म्हणजे गांठाळ, असें नांव दिलें. त्या काळीं बहुतेक समुद्रपुष्पें ‘ॲक्टिनिया’ या एकाच प्रजातींत घालीत. पुढें तिचे अनेक भाग झाले व हा प्राणी ‘हॉर्माथिया’ प्रजातींत गेला. दत्तक गेलेल्या मुलाचें आडनांव बदलतें, पण नांव तेंच राहतें. तसेंच येथें झालें. ‘हॉर्माथिया नोडोझा’ या नांवापुढें फाब्रिसियसचें नांव व १७८० हें साल आजहि कंसांत लिहितात. प्रथम वर्णन करणाराचें ऋण शास्त्र असें फेडतें.

पुढें मोठमोठीं जहाजें समुद्रसंशोधनास निघालीं. ‘चॅलेंजर’ जहाजानें १८७२ ते १८७६ पर्यंत जगभर फिरून जीं समुद्रपुष्पें आणिलीं, त्यांचें वर्णन रिखार्ड हर्टविग या जर्मन पंडितानें १८८२ सालीं केलें. कॅप्टन स्कॉट ज्या मोहिमेंत दक्षिण ध्रुवावरून परततांना मृत्यु पावला, त्या १९१० च्या ‘टेरा नोव्हा’ मोहिमेंतील समुद्रपुष्पें टी. ए. स्टीफन्सन यानें अभ्यासून १९१८ सालीं प्रसिद्ध केलीं. स्वीडनच्या ऑस्कर कार्लग्रेन यानें तर उभा जन्म या कामीं वेचिला व १९४९ सालीं, वयाच्या ऐंशीं वर्षांनंतर, जगांतील सर्व ज्ञात समुद्रपुष्पांचें वर्गीकरण ग्रंथरूपानें पुढें ठेविलें. पुढील अर्धशतक अभ्यासकांस हाच ग्रंथ आधारभूत होता.

वाचक विचारतील कीं, एवढ्याशा प्राण्याची पारख करण्यास जन्म कशास वेचावा? याचें कारण असें आहे. समुद्रपुष्पास हाड नाहीं, कवच नाहीं. जिवंतपणीं जें सुंदर दिसतें, तेंच मद्यार्कांत घातलें कीं आकसतें, त्याचा रंग उडतो व बाटलींत सुरकुतलेला एक गोळा राहतो. दोन निराळ्या जातींचे गोळे मग अगदीं एकसारखे दिसतात. म्हणून परीक्षकास आंत शिरावें लागतें. तो त्या देहाचा तुकडा मेणांत बसवितो, त्याचे कागदाहून पातळ काप काढतो, ते रंगवितो व सूक्ष्मदर्शकाखालीं धरतो. पोटाच्या पोकळींत उभे पडदे असतात. ते किती, त्यांवरील स्नायु कसे, हें तो मोजतो. दंशपेशींतील कुप्यांची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मापतो. एक नव्हे, शेंकडों कुप्या मापाव्या लागतात. असें केल्यावर कोठें तो म्हणूं शकतो कीं ही जाति जुनी किंवा ही नवी.

या परिश्रमाचें मोल कळावें म्हणून अलीकडची एक हकीकत सांगतों. दक्षिण ध्रुवखंडाच्या कांठीं रॉस हिमपाट नांवाचा बर्फाचा प्रचंड तक्ता समुद्रावर तरंगत आहे. त्याचा विस्तार जवळजवळ फ्रान्स देशाएवढा आहे. अमेरिका, न्यूझीलंड, इटली व जर्मनी या देशांच्या शास्त्रज्ञांनीं ‘ॲन्ड्रिल’ नांवाची संयुक्त योजना काढून २००६ व २००७ सालीं त्या भागांत समुद्रतळाखालील थरांचे हजार मीटरांहून लांब नमुने काढले होते. प्राचीन काळीं हिम केव्हां वाढलें व केव्हां ओसरलें, हें त्या थरांवरून वाचतां येतें. पुढील खोदकामाची जागा पाहण्यासाठीं २०१० च्या डिसेंबरांत त्यांनीं गरम पाण्याच्या धारेनें अडीचशे मीटरांहून जाड बर्फांत भोंक पाडलें व ‘स्किनी’ नांवाचें, नळीच्या आकाराचें, छायाचित्रें घेणारें यंत्र खालीं सोडलें. प्राणी शोधणें हा हेतु मुळींच नव्हता.

यंत्र बर्फाच्या खालच्या अंगास पोंचलें आणि पाहणारे थक्क झाले. बर्फाच्या त्या छतांत हजारों पांढरीं समुद्रपुष्पें आपलीं अंगें रुतवून बसलीं होतीं व त्यांचे संस्पर्शक खालीं पाण्यांत लोंबत होते. बर्फांत घर करणारें समुद्रपुष्प तोंवर कोणासहि ठाऊक नव्हतें. मंडळींनीं गरम पाण्याच्या झोतानें कांहीं प्राणी गुंग केले व हाताशीं असलेल्या सामानांतून शोषणयंत्र जुळवून ते वर ओढून घेतले.

परंतु येथें एक उणीव आडवी आली. आनुवंशिक द्रव्य जसेंच्या तसें टिकविण्याचीं साधनें त्यांजपाशीं नव्हतीं. तीं नेण्याचें कारणच पडलें नव्हतें. अशा वेळीं जुनी विद्या कामास आली. ओहायो येथील विद्यापीठांत मेरीमेगन डेली या विदुषींनीं ते प्राणी कापून, मोजून पाहिले. संस्पर्शक वीस ते चोवीस. आंतील वलयांत आठ, बाकीचे बाहेरील वलयांत. आंतील मोठे पडदे आठ, म्हणजे कुल एडवर्ड्सिडी. या कुलांतील प्राणी एरवीं चिखलांत व वाळूंत रुतून राहतात. संस्पर्शकांची संख्या व कुप्यांचीं मापें मात्र कोणत्याहि ज्ञात जातीशीं जुळेनात. यावरून जाति नवीन ठरली व २०१३ सालीं तिला ‘एडवर्ड्सिएला ॲन्ड्रिली’ हें नांव मिळालें. इतका मृदु जीव घट्ट बर्फांत शिरतो कसा, हें कोडें त्या वर्णनांतहि सुटलें नव्हतें. पण नांव मिळाल्यामुळें तें कोडें कोणाविषयीं आहे हें तरी निश्चित झालें.

पुढील वर्षीं, २०१४ सालीं, एस्तेफानिया रॉड्रिगेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अनेक समुद्रपुष्पांचें आनुवंशिक द्रव्य ताडून पाहून साऱ्या गणाची मांडणी नव्यानें केली. कार्लग्रेनचे कांहीं विभाग मोडले, कांहीं टिकले. जुन्या पंडिताचा यांत अपमान नाहीं. त्यानें काळजीपूर्वक लिहून ठेविलें नसतें, तर तपासण्यास आधार कोणता होता?

या हकीकतींत भूगर्भशास्त्रज्ञ खडकाच्या मागें होता, यंत्रज्ञ यंत्राच्या, आणि प्राणिशास्त्रज्ञ हजारों मैल दूर सूक्ष्मदर्शकापाशीं. तिघांपैकीं एक नसता तरी तें समुद्रपुष्प अज्ञातच राहतें. विद्येच्या शाखा शाळेच्या वेळापत्रकांत निराळ्या असल्या तरी सृष्टींत त्यांच्यामध्यें भिंती नाहींत. शिवाय काळ थांबत नाहीं. पृथ्वीची हवा तापत आहे, आणि ज्याचें घरच बर्फाचें आहे त्या जीवाची नोंद बर्फ असेतोंवरच व्हावयाची. जें नोंदलेलें नाहीं, तें नाहींसें झालें तरी कोणास कळणार नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, पुढील सुटींत समुद्रावर गेलांत तर डबक्यांतील फूल उपटूं नका. तें पाहा, त्याचे संस्पर्शक मोजा, आणि स्थळ, दिवस व वेळ वहींत लिहून ठेवा. ग्रीनलंडांतील त्या मिशनऱ्यानें आरंभीं याहून निराळें कांहीं केलें नव्हतें.